नागपुरात राहून स्थलांतरित आणि निर्वासितांसाठी काम शिकायचं असेल तर

दर जूनमध्ये मला असे दोन-चार फोन ठरलेले असतात. नुकतीच पदवी हातात पडलेली मुलं-मुली, क्वचित नोकरीला विटलेला एखादा इंजिनिअर. "ताई, रेफ्युजी लोकांसोबत काम करायचं आहे. त्यासाठी दिल्लीलाच जावं लागेल ना?" मी उलट विचारते, छत्तीसगडची शिवनाथ एक्सप्रेस इतवारीला लागते तेव्हा कधी फलाटावर उभं राहून पाहिलंय का? डोक्यावर तांदळाचं पोतं, काखेत पोर, मागून डेगच्या बांधलेली बोचकी. सहसा उत्तर येतं, नाही जी.

दिल्लीला जायला हरकत नाही, पण कामाची बाराखडी नागपुरात शिकता येते आणि माझ्या मते जास्त चांगली येते. ती कशी, ते माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगते.

आधी कोण कोण आहे ते ओळखा

श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि गुजरातकडून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात. देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला अभिमान असतो, पण मधोमध असण्याचा खरा अर्थ २०२० च्या टाळेबंदीत कळला. हैदराबादहून उत्तरेकडे पायी निघालेले लोक आपल्या दारावरून गेले. समाजकार्याच्या कित्येक विद्यार्थ्यांचं पहिलं खरं फील्डवर्क त्या रस्त्यावर झालं.

एरवी हे लोक डोळ्यांपुढे असूनही दिसत नाहीत. पूर्व नागपुरात कळमना-पारडीकडच्या वस्त्यांमध्ये छत्तीसगडी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या आहेत आणि दरवर्षी नवी येतात. बांधकामं, गोदामं, हमाली, धुणीभांडी. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येऊन पावसाळ्याआधी परतणारी कुटुंबं वेगळी. बुटीबोरीच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात. हे सगळे भारताचे नागरिक. त्यांची अडचण एवढीच, की सगळे हक्क गावाकडच्या पत्त्यावर अडकलेले असतात.

दुसरा गट फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा. जरीपटका आणि खामल्याची सिंधी कॉलनी त्यांनी वसवली. ते केव्हाच नागरिक झाले, त्यांना आता निर्वासित म्हणू नका. एका आजोबांनी मला चांगलंच ऐकवलं होतं, "बेटी, हम शरणार्थी नहीं, पुरुषार्थी हैं." पण याच वस्तीत गेल्या काही दशकांत पाकिस्तानातून व्हिसावर आलेली हिंदू कुटुंबंही नातेवाइकांच्या आधाराने राहतात. त्यांचे कागद पूर्ण वेगळे. एकाच गल्लीत, एकाच आडनावाची, शेजारची दोन घरं कायद्याच्या दृष्टीने दोन देशांत असतात.

तिसरे तिबेटी. हिवाळ्यात आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो आणि विसरून जातो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. चौथे, गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेले पूर्व पाकिस्तानातले बंगाली. नागपुरात शिकणाऱ्याला हे सगळं एका दिवसाच्या एसटी प्रवासाच्या आत आहे. असं शहर दुसरं सांगा.

शिक्षण: कुठे, कोणतं

बारावीनंतर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, किंवा कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी. नागपुरात सदरचं तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आणि मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मातृ सेवा संघ कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये बाळंतिणींसाठी सुरू केला, ही गोष्ट शिकायला जाण्याआधी माहीत असलेली बरी. दोन्हीकडची पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जायचं असेल तर पदव्युत्तर प्रवेश आता केंद्रीय सीयूईटी परीक्षेतून होतो. त्यांचं तुळजापूरलाही संकुल आहे आणि ग्रामीण कामाची ओढ असेल तर ते जास्त बरं. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे. त्यातही फील्डवर्क करावंच लागतं. ते कागदोपत्री उरकणारे खूप आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

कुठलंही कॉलेज "निर्वासित विषयात तज्ज्ञ" करून देईल ही अपेक्षा सोडा. अभ्यासक्रमात केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन, संशोधन, समाजकल्याण प्रशासन असतं. विशेषीकरण निवडताना मुलं गोंधळतात. स्थलांतरितांसोबत काम करायचं असेल तर समुदाय विकास किंवा कुटुंब व बालकल्याण घ्या, आणि वैद्यकीय-मानसोपचार विषयातले दोन-तीन पेपर मन लावून वाचा, कारण घर सुटलेल्या माणसाचं दुखणं बऱ्याचदा पोटदुखी बनून दवाखान्यात येतं.

फील्डवर्क: पदवीचा अर्धा जीव इथे आहे

आठवड्याचे दोन दिवस फील्ड, बाकी वर्ग. कॉलेज एजन्सी, म्हणजे काम शिकायची संस्था किंवा वस्ती, ठरवून देतं, पण विद्यार्थ्याने आधीच जाऊन मागितलं तर सहसा ऐकतात. प्राचार्यांना अर्ज द्या, की मला कामगारवस्ती किंवा भट्टीशाळा हवी. पंख्याखालच्या एजन्सीसाठी रांग असते, भट्टीसाठी नसते.

रोजचा अहवाल लिहायची सवय इथेच लागते आणि इथेच बिघडते. पहिल्या महिन्यात सगळे लिहितात, "कुटुंब गरीब, अशिक्षित व व्यसनाधीन आहे." असं वाक्य माझ्यापुढे आलं की मी वही परत करते. पाहिलं काय ते लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीने चौथ्या भेटीत लिहिलेलं अजून लक्षात आहे: "झोपडीला दार नाही, टॉवेल लावला आहे. दोन डेगच्या, एक निळा ड्रम. बाई म्हणाली, सनिच्चर के हिसाब होथे. आज बुधवार. डब्यात पीठ संपलं होतं. लहान मुलगी कोरडा भात मिठाशी खात होती." यातून मला मजुरी कधी मिळते, उधारी कुठे होत असणार, मुलीचं वजन का करायचं, सगळं कळलं. "गरीब" या शब्दातून काय कळणार?

दुसरी सवय म्हणजे दिवसाची वेळ ओळखणं. भट्टीवर वीट पाडण्याचं काम, म्हणजे पथाई, अंधार असतानाच सुरू होतं. दुपारी बाया झोपतात. अकरा वाजता सर्वेक्षणाची वही घेऊन पोहोचलेला विद्यार्थी त्यांच्या झोपेवर उठलेला असतो. तसंच भाद्रपदात तीजा आला की छत्तीसगडी बाया माहेरी जातात. त्या आठवड्यात महिला मेळावा ठेवणाऱ्या एका हुशार कार्यकर्तीला रिकाम्या सतरंज्या पाहाव्या लागल्या होत्या. ती हुशार कार्यकर्ती मीच.

भाषा

मराठी आणि हिंदी येते, एवढ्यावर भागतं असं वाटतं. भागतं, पण माणूस मोकळा होत नाही. छत्तीसगडी शिकायला फार लागत नाही. "जय जोहार" म्हणा, "कोन गाँव ले आए हव?" विचारा. गावाचं नाव सांगताना चेहरा बदलतो, ते पाहा. दोन-तीन महिन्यांत ऐकून समजायला लागतं, बोलताना चुकलात तर हसतील, आणि हसणं या कामात फायद्याचंच. सिंधी घरांत वृद्ध बायकांना हिंदी जड जाते. तिबेट्यांकडे तरुण पोरं अस्खलित हिंदी-मराठी बोलतात, पण आजीचं म्हणणं तेच सांगतात आणि सांगताना कापतात. म्हणून दुभाषी म्हणून घरातल्या मुलांना वापरू नका, विशेषतः मारहाण, आजार किंवा कर्जाचा विषय असेल तेव्हा. दहा वर्षांच्या पोराला आईचं गर्भाशय काढल्याचं आपल्याला समजावून सांगावं लागणं बरं नव्हे.

कागद

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ घालवाल तिथे येऊ. हे काम निम्मं कागदाचं आहे. नवख्यांना ते रटाळ वाटतं, त्यांना समुपदेशन करायचं असतं. पण ज्या बाईचं रेशन अडलंय तिला आधी तांदूळ हवेत.

एक बाई घ्या, नाव बदलून फुलेश्वरी म्हणू. आधारवर "फुलेश्वरी बाई", गावच्या रेशनकार्डावर "फूलेस्वरी साहू", बँकेच्या पासबुकावर "फुलबाई". जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, कारण तारीख माहीत नसली की तीच घातली जाते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. आता तुम्ही तिचा कुठलाही ऑनलाइन अर्ज भरायला बसा. ओटीपी जाणार त्या मेलेल्या सिमवर. म्हणून पहिलं काम अर्जाचं नसतंच. आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे देऊन मोबाईल नंबर बदलणं हे पहिलं काम. त्याला वेगळा पुरावा लागत नाही, पण ती स्वतः यावी लागते, म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडते. तो दिवस कोणता, हे तिला ठरवू द्या.

प्रत्येक कुटुंबासाठी वहीचं एक पान करा. डावीकडे माणसं, वर कागद, आणि खणात जसं छापलंय तसं नाव, कान्यामात्रेसकट. दुरुस्त करून लिहायचं नाही. हा तक्ता झाला की कुठला कागद आधी सुधारायचा ते आपोआप दिसतं. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवू नका, रात्रीपुरतेसुद्धा नाही. फोनमध्ये काढलेले फोटो काम झालं की त्यांच्यासमोर पुसा.

हे झालं की पुढची कामं अशी. रेशन: एक देश एक रेशनकार्ड योजनेत आधार जोडलेलं, अन्नसुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल तर इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, कुटुंब विभागलेलं असेल तर थोडं इथे, उरलेलं गावी. मात्र तिकडचं राज्य स्वतःच्या खिशातून जे जास्तीचं देतं ते इथे मिळत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर दुकानदाराने खाल्लं असं वाटून भांडण होतं. दुकानदार टाळत असेल तर या योजनेची हेल्पलाइन १४४४५. ई-श्रम: ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली असंघटित कामगारांची नोंद, वय १६ ते ५९, बारा आकडी क्रमांक. त्याने लगेच पैसे मिळत नाहीत, खोटं आश्वासन देऊ नका. दवाखाना: आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण कार्ड केंद्राच्या योजनेतलं आहे की निव्वळ त्यांच्या राज्याच्या, हे आधी पाहा. मेडिकल असो की मेयो, इथल्या या सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. ते तुमच्याच शाखेचे, पुढे तुमचे सहकारी व्हायचे आहेत.

बांधकाम मजुरांची त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी वेगळी डोकेदुखी. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठिय्यावर, म्हणजे सकाळी मजूर जमतात त्या नाक्यावर, उभा राहणारा मजूर रोज वेगळ्या मालकाकडे जातो, दाखला कोण देणार? इथे दलाल घुसतो. दलालाला शिव्या घालून उपयोग नाही, तो जे करतो ते आपण फुकट आणि खरं करून दिलं तरच मजूर त्याला सोडतात. मजुराकडून एक साधी खिशातली डायरी भरून घ्या: तारीख, साइट, ठेकेदाराचा नंबर. लिहिता येत नसेल तर साइटचा फोटो, त्यावर तारीख असतेच.

मुलांची शाळा सगळ्यात सोपी, तरी सगळ्यात जास्त अडते. शिक्षणहक्क कायद्याने शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मुख्याध्यापकांशी कायद्याच्या कलमाने सुरुवात करू नका. "सर, पटसंख्या वाढेल," एवढं म्हणा. कलम पिशवीत असू द्या.

ज्यांच्याकडे देशच नाही

परदेशातून आलेल्यांचं काम हातात घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. म्हणजे कोण कुठून आलं, कधी आलं आणि कोणत्या कागदावर, यावर सगळं ठरतं. तिबेटी आणि श्रीलंकेचे तामिळ यांच्याकडे सरकार थेट पाहतं. अफगाण, म्यानमारचे लोक वगैरेंची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते; तिची कार्यालयं दिल्ली आणि चेन्नईला.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. जुन्या नोट्स वाचून सल्ला देणारे अजून सापडतात. याच वेळच्या सवलतीच्या आदेशात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्य समुदायांसाठी भारतात येण्याची शेवटची तारीख म्हणून ३१ डिसेंबर २०२४ आली आणि एकच घोटाळा झाला. लोकांना वाटलं नागरिकत्वाची तारीख दहा वर्षं पुढे गेली. तसं नाही. तो आदेश कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट देतो. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे, आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. हा फरक समजावताना घाई करू नका. ऐकणाऱ्याच्या सगळ्या आयुष्याचा हिशोब त्या दोन आकड्यांत असतो.

नागपूरचं एक वेगळेपण आहे. २०१६ मध्ये केंद्राने काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना या समुदायांच्या नागरिकत्वाचे अधिकार दिले, त्यात महाराष्ट्रातले मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर होते. त्यामुळे इथल्या जुन्या फायलींत वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या रस्त्याने केलेले अर्ज सापडतात. नवा अर्ज भरण्याआधी जुना कुठे अडकलाय ते विचारा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना ते लागू नाही असं सरकारने स्पष्ट केलं. पण ते स्पष्ट होईपर्यंतच्या दिवसांत घराघरांत लोक कपाटातून फायली काढून व्हिसाच्या तारखा पुन्हा पुन्हा वाचत बसले होते. अशा वेळी कार्यकर्त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुढे ढकलायचे नसतात, मूळ आदेश वाचून तेवढंच सांगायचं असतं.

तिबेट्यांकडे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र असतं. मुदत संपण्याआधी पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी शाखेत नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायला पिवळ्या पुठ्ठ्याची आयसी, ओळख प्रमाणपत्र. (एमएसडब्ल्यूमध्ये आयसी म्हणजे गाइडसोबतची वैयक्तिक बैठक, त्यामुळे माझा पहिल्या दिवशी फार गोंधळ झाला होता.) आणि एक मुद्दा तरुण तिबेटी स्वतःही विसरतात: २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी महिलेच्या प्रकरणात हेच सांगितलं. पण नागरिकत्व घ्यायचं की नाही, हा त्यांच्यासाठी निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. घरात त्यावरून वाद असतात. तुम्ही माहिती द्या, बाजू घेऊ नका.

आणि वकील नसाल तर वकिली करू नका. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जोडून द्या. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, मानवी व्यापाराचे बळी यांना मिळकतीची अट न पाहता मोफत वकील मिळतो.

माझी एक चूक

दुसऱ्या वर्षाला असताना एका भट्टीवर गेले होते. नवराबायकोने उचल घेतलेली, हिशोब मालकाच्या वहीत, घरी जायला परवानगी नाही. मी पुस्तकात नुकतंच वाचलं होतं, वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६. उत्साहात मुनिमाच्या देखत विचारलं, "तुम्हाला इथे कोंडून ठेवलंय का?" बाई म्हणाली, "नहीं दीदी, सब बने हे." तिसऱ्या दिवशी पोहोचले तर झोपडी रिकामी. कुठे गेले, कुणी सांगितलं नाही. ते कुटुंब मला परत भेटलं नाही.

त्यानंतर जे शिकले ते असं. संशय आला तर तिथे काहीच विचारायचं नाही. पाणी, मुलांची शाळा, अंगणवाडी यावर बोलायचं. बाहेर येऊन वहीत लिहायचं: उचल किती, कुणामार्फत, हिशोब कोण ठेवतं, बाजाराला कोण जातं. मग संस्थेच्या वरिष्ठांमार्फत उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. चौकशीचे आणि सुटकेचा दाखला देण्याचे अधिकार त्यांचे आहेत. त्या दाखल्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून सुटका झाल्याच्या आनंदात दाखला न घेता कुटुंबाला गाडीत बसवून देणं ही दुसरी चूक. ती मी केली नाही, पण होताना पाहिली आहे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र थांबायचं नाही. पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तुमच्यावरही. म्हणूनच कुणालाही "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन सुरुवातीला देऊ नका. मी सांगते, "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशी राहील."

ऐकणं

मानसिक आधाराच्या प्राथमिक मदतीची जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका २०११ ची आहे, मोफत मिळते. तिचं सूत्र पाहा, ऐका, जोडून द्या एवढंच आहे. घटना उकरून काढायची नाही, "रडून घे" म्हणायचं नाही, "देव सगळं बरं करेल" हेही नाही. प्यायला पाणी, बसायला सावली, घरच्यांना फोन. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, आणि गरज पडली तर प्रादेशिक मनोरुग्णालयात स्वतः सोबत जा. नुसता पत्ता देऊन पाठवलं तर माणूस फाटकावरून परततो.

स्वतःचंही बघा. पैसे उसने देऊ नका, घेऊ तर नकाच. रात्री दहानंतर फोन कुणाचे घ्यायचे हे ठरवून टाका. हे मला पाचव्या वर्षी सुचलं, तोवर घरच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं.

नोकरी

पगार सुरुवातीला कमी असतो, त्यात साखरेचा पाक घालून सांगण्यात अर्थ नाही. संस्थांचे प्रकल्प वर्ष-दोन वर्षांचे असतात, निधी संपला की नोकरी संपते. मुलाखतीत प्रकल्प कधी संपतो हे विचारायला लाजू नका. मिशन वात्सल्यखालचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, अत्याचारग्रस्त बायकांसाठीचं सखी केंद्र, रेल्वेस्थानकावरचं बालमदत कक्ष, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचं काम, सरकारी रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षकाची पदं, कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाचे प्रकल्प, असे रस्ते आहेत. दोन-तीन वर्षं इथे काढून मग दिल्लीत निर्वासितांसोबत काम करणाऱ्या संस्थांकडे अर्ज केला तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

कामगारांच्या बाजूने काम करायचं असेल तर नवी कामगार संहिता वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्यात विलीन झाला. जुन्या कायद्यात ठेकेदाराने आणलेलाच मजूर मोजला जायचा. आता स्वतःहून आलेलाही मोजतात, वेतन महिना १८,००० रुपयांपर्यंत असेल तर. आस्थापनेत असे किमान दहा मजूर हवेत, आधी पाच पुरत. म्हणजे आठ मजुरांची छोटी साइट आता बाहेर राहते. मुलाखतीत एवढं जरी सांगता आलं तरी समोरचे मान वर करून पाहतात.

बाकी, प्रवेशाची वाट पाहत घरी बसू नका. तुमच्या घराजवळ ठिय्या कुठे भरतो ते विचारा, प्रत्येक भागात एक असतोच. सकाळी साडेसातला या, बॅग आणि ओळखपत्र न घेता. नऊपर्यंत गर्दी पांगते. साडेनऊनंतर जे उरतात त्यांना त्या दिवशी काम मिळालेलं नसतं, त्यांच्यापाशी वेळ असतो. टपरीजवळ उभं राहिलात की कुणीतरी चहा विचारेल. घ्या. पैसे त्यांनाच देऊ द्या, उद्याचे तुम्ही द्या.